फिरती इरकल

बेळगावच्या दक्षिणेस पिरनवाडी आहे आणि पिरनवाडीत अक्काताई आहेत. वय सहासष्ट, चष्मे दोन, एक जगाकडे पाहण्याचा आणि दुसरा कापडाकडे पाहण्याचा. आठवड्याचे सहा दिवस त्यांच्या हाती सुई असे. गुरुवारी मात्र सुई गादीत टोचून ठेवून त्या मोबाइल हाती घेत आणि 'सुईदोरा' मंडळाचे साप्ताहिक वर्तमान लिहायला बसत.

कडोलीपासून कोगनोळीपर्यंत विखुरलेल्या एकेचाळीस स्त्रिया त्या मंडळात होत्या. कुणी शेतात राबणारी, कुणी शाळेत शिकवणारी, कुणी कचेरीत टेबलामागे बसणारी. साऱ्यांना एकत्र बांधणारे व्यसन एकच: कापडाचे धागे मोजून, गाठ न मारता भरायचा तो कशिदा, ज्याला कानडी मुलूख कसुती म्हणतो. पूर्वी असल्या बातम्या विहिरीच्या काठावर मिळत. आता त्या अक्काताईंच्या गुरुवारी मिळू लागल्या होत्या. "खडेबाजारात मोकळ्या विणीचे उत्तम मॅटी कापड आले आहे. हिरवे रेशीम घेऊ नये, पाण्यात रंग सोडते. शालूबाईंच्या डाव्या डोळ्याचे ऑपरेशन सुखरूप पार पडले असून त्यांना आता स्वतःच्या जुन्या चुका स्पष्ट दिसू लागल्या आहेत. सांत्वनासाठी फोन करावा."

शेवटी 'या आठवड्याचे दर्शन' असे. उसाच्या ट्रॉलीत रचलेल्या मोळ्यांची टोके, एखाद्या जुन्या दुकानाची लोखंडी जाळी, खाटेवर वाळत घातलेल्या शेवयांची सावली. ज्यातून नमुना निघेल असे काहीही. अक्काताईंची नजर बसच्या खिडकीतूनही घरे मोजत जाई. कशिद्यात धाग्यांच्या एका टाक्याला घर म्हणतात, आणि अक्काताईंनी मोजलेले घर चुकत नाही, अशी सहा वर्षांची त्यांची ख्याती होती.

मंडळाची एक रीत होती. ज्या स्त्रीने जन्मभर दुसऱ्यांच्या साड्या भरल्या, पण स्वतःच्या अंगावर कशिदा कधी मिरवला नाही, अशा एकीसाठी दरवर्षी एक इरकल साडी भरायची. साडी एकच, म्हणून ती फिरायची. एकीने पदरावर एक रांग भरावी आणि पुढच्या बाईकडे धाडावी. जिच्यासाठी हा खटाटोप, तिला कानोकान खबर लागू द्यायची नाही; त्यासाठी 'सुईदोरा गुपचूप' नावाचा निराळा ग्रुप होता आणि त्यात फक्त साडी भरणाऱ्या आठ जणी होत्या.

यंदाचा मान निपाणीच्या सोनुबाईंचा. त्या एकाहत्तर वर्षांच्या. दिवसभर तंबाखूच्या वखारीत पाने निवडायची आणि संध्याकाळी दिव्याखाली बसून लोकांच्या लेकीबाळींच्या लग्नाच्या साड्या भरायच्या, असे त्यांचे चाळीस वर्षांचे आयुष्य. मुलगी उपासना शिकून बँकेत अधिकारी झाली, तेव्हा वखार सुटली. सुई मात्र सुटली नाही.

साडी कडोलीच्या शालूबाईंकडून निघाली. एसटीचा कंडक्टर भरमा याच्या सीटखाली बसून ती कोगनोळीला दिपालीकडे गेली, तिथून आणखी पाच घरी मुक्काम करून सात रांगा अंगावर घेऊन पिरनवाडीला पोचली. आठवी, शेवटची रांग अक्काताईंची. नमुना ठरवण्याचा अधिकारही त्यांचाच होता आणि त्यांनी तो ठरवताना क्षणभरही वेळ घेतला नव्हता. तुळशीवृंदावन. पदराला आरंभ वृंदावनाने करायचा हे त्यांच्या हाताला आईच्या हातापासून ठाऊक होते. त्यासाठी विचार करावा लागतो, एवढेच काय ते ठाऊक नव्हते.

साडी देण्याच्या समारंभाला बारा दिवस उरले तेव्हा अक्काताई निपाणीला निघाल्या. निमित्त असे की, सोनुबाईंची मुलाखत वर्तमानात छापायची. खरा हेतू असा की, त्यांच्या कपाटातील पोलक्यांचे रंग हळूच पाहून यायचे.

"या अक्काताई, या," सोनुबाईंनी दारातच हाताला धरले. "बायकांच्या फुकटच्या यष्टीनं आलाय न्हवं? मग च्या घेतल्याबिगर सोडत न्हाय."

घर नेटके होते. भिंतीवर बुद्धाची शांत मूर्ती, तिच्यापुढे मोगऱ्याची चार फुले, आणि खिडकीत, जिथे उजेड सर्वांत चांगला, तिथे सोनुबाईंचे बसणे. अक्काताईंनी वही उघडली आणि विचारले, "पैल्यांदा काय काढलासा?"

"वृंदावन. दुसरं काय? शिकिवलं कुणी न्हाय. एका घरी साडी वाळत घातलेली, मी कुंपणाभाईर उभी ऱ्हाऊन घरं मोजली. दोन दिस मोजत हुते. तिसऱ्या दिशी घरची बाई म्हनली, साडी न्हेतीस का काय गं?"

दोघी मनमुराद हसल्या. अक्काताईंच्या मनात आले, वा! नमुना अगदी योग्य निवडला गेला.

"मग लई काढली," सोनुबाई बशीत चहा ओतत म्हणाल्या. "शंभराच्या म्होरं मोजायचं सोडलं. एक मालकीन हुती, सोबावानं चांगली. माझ्याच हातचं पायजे म्हनायची. पर साडी दिली की घडी घालायच्या आधी माझ्या म्होरंच त्यावर पानी शिंपडायची. तुळशीचं."

"ते कशाला?" अक्काताईंनी विचारले, आणि शब्द तोंडातून सुटतो न सुटतो तोच उत्तर त्यांना कळले.

"माझा हात लागलेला न्हवं का?" सोनुबाई हसतच होत्या. "वृंदावन मी काढलेलं, आन् पानी वृंदावनातलं. मी मनात म्हनायची, शिंपड बाई. पान्यानं माझा टाका उसवतोय व्हय? त्या साड्या अजून हाईत. रंग गेला, टाका न्हाय गेला." मग त्यांनी वहीकडे बोट केले. "हे मातर लिवू नका हां. त्या बाईची नात आपल्या ग्रुपात हाय. गुणाची पोरगी हाय."

अक्काताईंच्या हातातील चहा निवला. पोलक्यांचे रंग पाहायचे राहिले ते राहिलेच.

परतीच्या बसमध्ये त्यांनी एकही घर मोजले नाही. संकेश्वर मागे पडले, हत्तरगीचा टोलनाका मागे पडला, आणि त्यांच्या कपाटात घडी घालून ठेवलेल्या त्या इरकलीवरची छप्पन्न वृंदावने त्यांच्या डोळ्यांपुढे एकामागून एक उभी राहू लागली. सोनुबाई साडी नाकारतील ही त्यांना भीती नव्हती. भीती अशी की, त्या नाकारणार नाहीत. दोन्ही हातांनी घेतील, कपाळाला लावतील, नेसून फोटोपुरत्या हसतील. त्या मालकिणीपुढे जशा हसत उभ्या राहिल्या, तशाच मंडळापुढेही उभ्या राहतील. आणि ज्या स्त्रीचा सन्मान करायचा, तिला आणखी एकदा मुकाट्याने काहीतरी सोसायला लावल्याचे पाप अक्काताईंच्या पदरी पडेल.

रात्रभर त्या या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिल्या. सकाळी त्यांनी 'गुपचूप' ग्रुपवर लिहिले, "साडीवरील नमुना चुकला आहे. चूक सर्वस्वी माझी. ज्या घरी वृंदावन नाही, त्या घरच्या साडीवर मी विचार न करता ते भरवले. साती रांगा उसवाव्या लागतील. मी एकटी उसवीन." सोनुबाईंनी विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्यांनी लिहिली नाही, ती त्यांची नव्हती.

पहिला फोन दिपालीचा. ती शाळेत शिकवत असे आणि मुलांना शिकवता शिकवता तिचा आवाज कायमचा वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा झाला होता. "आक्का! माझ्या रांगेला अकरा दिवस लागलेत! पोराच्या वाढदिवसाचा केक विकत आणला मी, रांगेपायी!"

"ठाऊक हाय गं."

"आणि मी येडी, मला बी सुचू नये? उपासना माझ्या लग्नात जेवून गेलीया. वृंदावन काढताना एकदा बी डोक्यात आलं न्हाय." तिने दीर्घ श्वास सोडला. "शनिवारी येते. माझी मीच उसवणार."

दुसरा फोन शालूबाईंचा. त्या इतक्या सहजी वळणाऱ्या नव्हत्या. "अगं आक्काताई, तुळस ती तुळस. खोकल्याला सगळ्यांच्याच घरात चालती. मनापासनं काढलंय, घेतील की."

"घेतील, शालूबाई. तेच तर भ्या वाटतंय."

मग शालूबाई कुरकुरल्या, "डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर काढलेली पैली रांग ती माझी."

"म्हणूनच म्हणते, मी उसवीन."

"तू कशाला? माझ्या टाक्याला दुसरीनं कातर लावल्याली बघवायची न्हाय मला. येते मी बी."

चूक कबूल झाली, सोबत मिळाली, आणि अक्काताईंचा स्वभाव पुन्हा उसळी मारून वर आला. त्यांनी आलेखाचा कागद काढला. वृंदावन नको तर काय? पिंपळपान, बोधिवृक्षाचे! यापरते उचित दुसरे काय असणार? कशिद्यात वाकडी रेषा नाही. आहे ती उभी, आडवी आणि तिरकी. त्यातून पिंपळाची गोलाई साधायची म्हणजे पायऱ्या पायऱ्यांनी उतरावे लागते. दुपार उतरणीला लागेपर्यंत त्यांनी तीन कागद खोडले आणि चौथ्यावर पान उमटले. मधली शीर एका धाग्यावर, दोन्ही अंगांना घरे सारखी, खाली निमुळते लांब टोक. पान खरोखर सुंदर होते. अक्काताईंनी त्याच्याकडे दोन्ही चष्म्यांतून पाहिले, मग उपासनेला फोन लावला. तिला झाला प्रकार सांगितला, क्षमा मागितली आणि वर आनंदाने पिंपळपानाचे वर्तमानही दिले.

उपासनेने सारे ऐकून घेतले. मग तिचे हसू ऐकू आले. "मावशी, तुम्ही परत तेच करताय."

"म्हणजे गं?"

"आधी न विचारता वृंदावन. आता न विचारता पिंपळपान. आईला जो भेटतो तो पिंपळपानच देतो. घड्याळावर पान, किल्लीच्या साखळीला पान, दरवर्षीच्या कॅलेंडरवर पान. आमच्या घरात पानगळ कधी होतच नाही. आईला विचारलंत का, तुला काय पाहिजे म्हणून?"

"पण मग गुपित?"

"गुपित तुमचं आहे, मावशी. साडी आईची आहे. थांबा, देते फोन."

अक्काताईंना सावरायलाही वेळ मिळाला नाही. सहा वर्षांत मंडळाचे गुपित फुटले नव्हते, आणि आता ते त्यांनाच, ऐन तिन्हीसांजेच्या उजेडात, मागे कुकरची शिट्टी वाजत असताना फोडावे लागले. त्यांनी सारे सांगितले. कुकरची दुसरी शिट्टी झाली.

"किती रांगा?" सोनुबाईंनी विचारले.

"सात."

"गवंती टाका?"

"व्हय. जाताना एक घर सोडत, येताना भरत."

"गाठ?"

"एक बी न्हाय."

"मग उसवाय सोपं हाय. आन् आठवी रांग कुनाची?"

"माझी. सुरू केली न्हाय अजून."

"वाचलासा," सोनुबाई म्हणाल्या.

अक्काताईंना हसावे की रडावे कळेना. त्यांनी जीव मुठीत धरून विचारले, "सोनुबाई, मग काय काढू?"

तिसरी शिट्टी होऊन गेली. "असं आजवर कुनी इचारलं न्हाय वो," सोनुबाई सावकाश म्हणाल्या. "लोकं सांगायची, मी काढायची. आता एकदम इचारलासा तर काय सुचंना झालंय. मला एक रात द्या."

दुसऱ्या दिवशी साडेसहालाच फोन वाजला. अक्काताई हातात तांब्या घेऊन उभ्या होत्या. तो तसाच कट्ट्यावर ठेवून त्यांनी फोन घेतला.

"हत्ती," पलीकडून आवाज आला. "एकच. पर पदरभर. अंबारीसकट."

"हत्ती?"

"जल्मभर अंबारीचं हत्ती काढलं. आत बसलेलं मानूस म्हंजे चार घरांचा एक ठिपका. कोन हाय ओ आत, म्हनून इचारलं तर म्हनायचे, आसंल कोन तरी राजा. मला ठावंच न्हाय झालं कुनाला बसवत आले ते. माझ्या हत्तीवर मी बसनार."

"तुमी?"

"मग? चष्म्यासकट."

"सोनुबाई, पदरभर हत्ती काढला तरी तोंडाला चारच घरं. त्यात चष्मा कसा बसवायचा?"

"त्ये मी बसिवते. तुमी हत्ती बगा. आन् त्यो समारंभ जरा म्होरं ढकला. माझं काय मुहूर्तावाचून आडलेलं न्हाय."

अक्काताईंना एक गोष्ट विचारल्यावाचून राहवेना. "राग आला न्हाय का तुमास्नी?"

"आला की! येनारच. काल तुमचा फोन ठेवल्यावर इतका आला, की डाळ करपून गेली. उपासनानं पाव आनून खाल्ला. पर त्या बाईला पानी शिंपडताना कधी वाटलं न्हाय, इचारावं म्हनून. तुमी फोन केलासा. ह्यो फरक हाय का न्हाय?"

शनिवारी पिरनवाडीला अक्काताईंच्या घरात आठ जणी आणि नववी सोनुबाई अशी सभा भरली. मधोमध सतरंजीवर गर्द निळी इरकल पसरली होती आणि तिच्या पदराभोवती साऱ्या जणी पंगतीला बसाव्या तशा बसल्या होत्या. शालूबाई नवा डोळा मिचकावीत आपल्या रांगेचे टोक शोधू लागल्या. गाठ नसल्याने एकदा टोक सापडले की दोरा आल्या वाटेने परत जाऊ लागतो. जणू तिथे कधी आलाच नव्हता.

"बघा बघा, कसा सुरळीत निघतोय," दिपाली म्हणाली. "इतका चांगला काढायला नको होता."

"तुझा निघतोय गं," शालूबाई फणकारल्या. "माझ्या रांगेत ह्या वृंदावनाला एक घर कमी हाय. अरारा! ऑपरेशनच्या आधी हे मला दिसलंच न्हवतं."

"मगाशी तर तुमी ऑपरेशननंतर काढलं म्हनत हुतासा," सोनुबाईंनी सहज विचारले आणि सतरंजी हास्याने हलली. शालूबाईंनाही शेवटी हसावे लागले.

उसवलेल्या जागी सुईची बारीक छिद्रे दिसू लागली, तेव्हा साऱ्यांचे चेहरे उतरले. सोनुबाईंनी ओले फडके मागवले. ओलसर कापडावर त्या अंगठ्याचे नख आडवे-उभे हळुवार घासू लागल्या. तंबाखूच्या शिरा चाळीस वर्षे सोलून सोलून ते नख शिंगासारखे टणक झाले होते. धागे एकमेकांजवळ सरकले, छिद्रे मिटली. दिपालीने तेवढ्या जागेला बोट लावून पाहिले आणि आपल्यापुढचा पदर त्यांच्या अंगठ्याखाली सरकवला. मग दुसरीने सरकवला, मग तिसरीने. संध्याकाळपर्यंत पदर नव्यासारखा निर्मळ झाला.

त्यानंतरचे तीन आठवडे साडी कुठेही फिरली नाही. बायाच तिच्याकडे येत राहिल्या. ज्यांना जमे त्या शनिवारी येत, कुणी हत्तीच्या झुलीवर नक्षी भरे, कुणी घंटा. सोनुबाई साऱ्या शनिवारी आल्या. त्यांनी वरची बाजू घेतली, अंबारीची; अक्काताईंच्या वाट्याला सोंड आली. सोंड हे काम मोठे मानाचे आणि मोठे फसवे. वर उचललेली, टोकाशी वळलेली, आणि सारी वळणे सरळ टाक्यांतून काढायची.

शेवटच्या शनिवारी दुपारी दोघी एकाच पदरावर समोरासमोर वाकल्या होत्या. खोलीत इतर जणी कोगनोळीच्या कुणाच्या तरी साखरपुड्याची चर्चा करण्यात गर्क होत्या. सोनुबाईंनी अंबारीतल्या स्वतःच्या चेहऱ्यावर चष्म्याचे एक भिंग बसवले होते. चार घरांच्या चेहऱ्याला दोन घरांचे भिंग. पण ते खरोखर भिंगासारखे दिसत होते, आणि त्यामुळे ती चिमुकली स्त्री साऱ्या जगाकडे एक डोळा रोखून पाहत असल्यासारखी वाटत होती. दोरा ओवताना सोनुबाईंची नजर खाली सोंडेकडे गेली. त्यांनी मान तिरकी केली. ओठ हलवत घरे मोजली. पुन्हा मोजली.

"एक घर जास्त झालंय," त्या म्हणाल्या. "हत्ती हाय का अजगर ह्यो? उसव गं."

साखरपुड्याची चर्चा जागच्या जागी थांबली. शालूबाईंनी दिपालीकडे पाहिले. सहा वर्षांत अक्काताईंना 'उसव' असे कुणी म्हटले नव्हते; सोनुबाईंनी तर त्यांना आजवर 'गं' म्हणून हाकही मारली नव्हती.

अक्काताईंनी जगाकडे पाहण्याचा चष्मा काढला, कापडाचा लावला आणि सोंड बुडापासून टोकापर्यंत मोजली. घर खरेच जास्त होते. त्यांच्या चेहऱ्यावर मंद हसू पसरले, ते काही केल्या लपेना. त्यांनी सुई उलटी धरून टोकाचा दोरा उचलला.

"उसवते, आक्का," त्या सोनुबाईंना म्हणाल्या.

सोनुबाईंनी मान डोलावली आणि दुसऱ्या भिंगाचे पहिले घर भरायला घेतले.